मोठ्या चांदाला निघायचं

टेम्पो दुपारी दोनलाच भरून तयार होता, पण बापूंनी निघू दिलं नाही. चांद उगवल्याशिवाय वस्तीवरून बिऱ्हाड हलवायचं नाही, असं माझ्या वडिलांचं म्हणणं. ड्रायव्हर वैतागला, माझे मिस्टर वैतागले आणि खरं सांगायचं तर मीही वैतागले. टेम्पोत दोन पत्र्याच्या पेट्या, शिलाई मशीन, ज्वारीचं अर्धं पोतं आणि सहा वर्षांची माझी पोर एवढंच काय ते होतं. औरंगाबादपर्यंत डांबरी रस्ता. त्याला चांद कशाला लागतो?

देवगाव रंगारीच्या पुढं आमची वस्ती, बारा-पंधरा घरांची, सगळी मेंढपाळांची. त्या साली विहिरीच्या तळाला खडक दिसत होता. टँकरचा आवाज आला की बायका हंडे घेऊन पळायच्या आणि त्यांच्या मागं मेंढरं पळायची. मिस्टरांना कंपनीच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली होती. मला शिवण येत होतं. थांबण्यात अर्थ नव्हता आणि आम्ही थांबलो नाही. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दिवस मावळला आणि बाभळींच्या मागून चांद वर आला. तो हातभर वर चढेपर्यंत बापू बसून राहिले. मग त्यांनी जवळची एक मेंढी ओढली, तिचा कान मुडपला आणि त्यावरची आमच्या घराची कापलेली खूण चांदण्यात पाहिली.

"दिसतीय," ते म्हणाले. "मोठा हाय. जावा आता."

आई टेम्पोपर्यंत आली. तिनं रडारड केली नाही. आमच्याकडं दर वर्षी कुणी ना कुणी कुठं ना कुठं निघालेलंच असायचं.

ज्यांनी मेंढरं राखली नाहीत त्यांच्यासाठी हे सांगायला हवं. दुष्काळात दिवसा मेंढरं चालत नाहीत, उन्हानं बसतात आणि बसली की उठत नाहीत. म्हणून चारा-पाण्याच्या शोधात निघायचं ते पुनवेच्या आगंमागं, रातच्या चांदण्यात. पण सगळ्या पुनवा सारख्या नसतात. वर्षातून दोन-तीन लागोपाठ अशा येतात की चांदणं जास्त पडतं. बापू म्हणायचे, बारक्या चांदात रस्ता दिसतो, मोठ्या चांदात मेंढरू दिसतं. कानाची खूण दिसली की तो मोठा चांद. पुढं माझ्या पोरीनं शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं की चंद्र पृथ्वीच्या जवळ आलेला असताना पौर्णिमा पडली तर त्याला सुपरमून म्हणतात. मी फोनवर बापूंना सांगितलं. ते म्हणाले, जवळ येत असंल, इचारायला.

विचारायला, हे ते गमतीनं म्हणाले नव्हते. लांबच्या वाटेला लागायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं सगळं घर चांद उगवताना वाघरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी बसायचं. काय न्यायचं आणि काय मागं ठेवायचं ते ठरवायला. कोणतं मेंढरू वाट काढणार नाही ते खूण दाखवून स्पष्ट सांगायचं. तसं मेंढरू ओळखीच्या शेतकऱ्याकडं ठेवून जायचो. बायकांनी सांगायचं, पोरांनीसुद्धा. आईचं एकच वाक्य असायचं, "उचलंल तेवढंच आपलं." दिवसा हे का ठरवायचं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. बापू म्हणाले, दिवसा माणूस उन्हाच्या घाईत असतो, घाईत जवळचंच आधी टाकतो.

मी नऊ वर्षांची असताना एका लंगड्या कोकराला मागं ठेवा म्हणाले होते. मला ते उचलून न्यावं लागायचं, म्हणून. बापू मला रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आज सांगतीस ते उद्या उन्हात बी सांगशील का?" कोकरू आमच्याबरोबर आलं.

औरंगाबादला पहिली तीन वर्षं भाड्यानं काढली, मग पुंडलिकनगरात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. गुलमंडीतल्या एका दुकानातून साड्या आणायच्या, फॉल-पिको करून परत न्यायच्या, असं काम मिळालं. शहर तेव्हा वाढत होतं. दर सहा महिन्यांनी एखादं शेत प्लॉट व्हायचं, त्यावर पांढऱ्या चुन्याच्या रेघा पडायच्या. नळाला पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी यायचं, पण यायचं. मी 'लई' सोडून 'खूप' म्हणायला लागले. 'नाय' सोडून 'नाही'. दुकानात "भैया, ये शेड का धागा निकालो" असं सराईतपणे बोलायला लागले. पोर इंग्रजी शाळेत जात होती. माझं बरं चाललं होतं आणि ते बरं चालणं मोडू नये याची मला फार काळजी असायची. आमच्या अपार्टमेंटमध्ये आठ फ्लॅट. बाकी सात घरं शिकलेली, बँकेतली, कचेरीतली. त्यातल्या कुणी मला कधी वावगं बोललं नाही. तरी मी जिन्यातून साड्यांचं गाठोडं नेताना कडेकडेनं जायची.

आई गेली त्यानंतरचा दुष्काळ मोठा होता. धाकटा भाऊ पुण्याकडं गेला होता. बापू वस्तीवर एकटे राहिले. आमची पाच विसा मेंढरं, म्हणजे शंभर, कमी होत होत अकरावर आली होती. मी फोनवर रोज तेच सांगायची की इकडं या. ते म्हणायचे, बघू. एक दिवस मी जरा जोरात म्हणाले, "बापू, आता बिऱ्हाड मोडा आणि कायमचे माझ्याकडं या." ते म्हणाले, "येतो. मोठा चांद आला की येतो."

मी मिस्टरांना सांगितलं, पोरीला सांगितलं. स्वयंपाकघरातली एक भिंत मोकळी करून खाटेला जागा केली. पुनवेच्या दिवशी दोनदा बसस्टँडला जाऊन आले. कन्नडकडून येणारी प्रत्येक एसटी पाहिली. फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही गेले. वस्तीवर शेजाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, बापू परवाच निघाले, पोचले नाय का अजून?

तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला खालून हाक मारायला लागला, ताई, तुमच्याकडं कुणी आलंय बघा. मी गॅलरीतून पाहिलं. फाटकाशी बापू उभे होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. आणि त्यांच्यामागं अकरा मेंढरं.

वेरूळचा घाट चढून-उतरून, लष्कराच्या छावणीतून, अख्खं शहर ओलांडून ते तीन रात्री चालत आले होते. दिवसा कुठल्याशा शेताच्या बांधाला थांबायचे. शहरात शिरल्यावर दिव्यांच्या उजेडात मेंढरं बुजत होती, म्हणून शेवटचा टप्पा पहाटे उरकला. हे सगळं त्यांनी फार खुशीत सांगितलं. एकही मेंढरू वाटेत बसलं नव्हतं.

मी खाली गेले तेव्हा दोन मेंढ्या तळमजल्यावरच्या कुंडीतली जास्वंद खात होत्या. पार्किंगमध्ये लेंड्या पडल्या होत्या. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. समोरच्या फ्लॅटमधल्या जोशी काकू जिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, वडील का तुझे? किती दिवस आहेत?" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मिस्टरांनी तर, पाण्याचा पाचवा दिवस असताना, आपल्या ड्रममधली एक बादली भरून मेंढरांपुढं ठेवली. दुसरं कुणी काही बोललं नाही. जे काही बोललं गेलं ते माझ्याच डोक्यात बोललं गेलं.

"बापू, मी तुम्हाला बोलावलं होतं."

"व्हय. आलो की."

"तुम्हाला एकट्याला."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. हिशेब चुकला तर माणूस बोटं परत मोजतो, तसं. मग म्हणाले, "बिऱ्हाड मोड म्हणालीस ना, माय. बिऱ्हाड मोडून निघालं की मेंढरं संगच असत्यात. त्यान्ला कुठं ठिवू?"

ही चूक आमच्यातच होऊ शकते. दुसऱ्या कुणाला मुलीनं शहरात राहायला बोलावलं तर तो कपड्याची पिशवी घेऊन येईल. बापूंनी मोठ्या चांदाची वाट पाहिली होती आणि त्या उजेडात एकट्यानं बसून काय न्यायचं, काय ठेवायचं ते ठरवलं होतं. आणि त्यांचं ठरलं होतं की काही मागं ठेवायचं नाही.

मी माझं ठरवायला पंधरा मिनिटं घेतली, सकाळच्या आठ वाजता, फाटकात उभी राहून. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, छावणीतला जनावरांचा बाजार. तोवर मिस्टरांच्या ओळखीच्या एकाच्या शेडमध्ये मेंढरं कोंडली. मी बापूंना म्हणाले, इथं हे चालत नाही. त्यांनी मान हलवली. वाद घातला असता तर बरं झालं असतं, मला वाद घालता येतो.

बाजारात ते बरोबर आले. मी नको म्हणत होते. मेंढरं घेणारा कशासाठी घेतो हे मेंढपाळाच्या पोरीला सांगावं लागत नाही आणि मेंढपाळाला तर नाहीच. तरी बापू त्या माणसाला एकेक मेंढरू दाखवून सांगत होते. ही बाभळीच्या शेंगा आधी खाते. ही पाण्याला भिते, दम धरावा लागतो. हिला डाव्या अंगाला झोपू द्यायचं नाही. तो माणूस चांगला होता. घाई असताना उभा राहिला आणि अकराच्या अकरा ऐकून घेतल्या. शेवटी म्हणाला, "हौ चचा, ध्यान रखूंगा." बापूंनी त्याला रामराम केला. येताना रिक्षात ते काठी गुडघ्यांत धरून बसले. मी मात्र बोलत होते, खाटेबद्दल, डॉक्टरबद्दल, डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल.

महिनाभर ते माझ्याकडं राहिले. कशाचाच त्रास दिला नाही. सकाळी उठून खाली पार्किंगमध्ये एका दगडावर बसायचे, ती जागा झाडायलाही त्यांनीच सुरुवात केली. जेवण कमी झालं. काम दे म्हणाले म्हणून मी त्यांना फॉलचे सुटे धागे कापायला दिले. त्यांच्या हातात कात्री फार लहान दिसायची. संध्याकाळी पोर त्यांना गच्चीवर न्यायची. ते आकाशाकडं बघून कला सांगायचे, आज सातवी, आज आठवी. मला वाटलं, रुळतायत.

पुढच्या पुनवेला मी साड्या द्यायला गुलमंडीत गेले होते. लग्नसराईचे दिवस, दुकानात गर्दी, उशीर झाला. परत आले तर खाट नीट आवरलेली, घोंगडं नाही. जोशी काकू दारातच उभ्या होत्या. बापूंनी जाताना त्यांना निरोप सांगितला होता. "चांद अजून मोठाच हाय, निघतो. कौसाला सांगा, माझी भाकर टाकू नको म्हणावं."

तीन रात्री चालत आलेला माणूस एका रात्रीत आणि एका दिवसात परत पोचला. बरोबर मेंढरं नसली की वेगानं चालता येतं.

मी एसटीनं आणायला गेले. आले नाहीत. वस्तीवरच्या दुसऱ्याच्या मेंढरांमागं रोजानं जायला लागले होते. त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिले. डबा न्यायची, औषधं न्यायची, त्यांच्या बंडीला गुंड्या लावून द्यायची. मेंढरांचा विषय त्यांनी कधी काढला नाही. एकदा मीच काढला. बापू, त्या दिवशी माझं चुकलं, असं म्हणायचं होतं, पण मी "त्या दिवशी" एवढंच म्हणाले आणि त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही.

"अगं, तिथं जागाच नव्हती. जागा नसली तर माणूस काय करंल?"

मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. वैजापूरकडं एका शेतात मेंढरं बसवली होती, खतासाठी बसवतात तशी. सकाळी उठले नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं आवरून माणसं माझ्यासाठी थांबली होती. मेंढरं दुसऱ्या शेताकडं नेली होती, कारण जनावरांना पोटाला लागतं.

दिवसकार्य झाल्यावर मी पुंडलिकनगरला परत आले आणि एक दिवस मागच्या गॅलरीत साड्या वाळत घालताना माझं लक्ष खाली गेलं. आमच्या इमारतीच्या मागं एक प्लॉट होता. मालक परदेशात, सहा वर्षं तसाच पडलेला. कुंपण मोडकं, आत कमरेएवढं गवत, दोन बाभळी, कोपऱ्यात सुबाभूळ. दुष्काळातसुद्धा तो हिरवा असायचा, कारण आमच्या आठही फ्लॅटचं सांडपाणी तिकडं झिरपायचं. अकरा मेंढरांचे तिथं दोन महिने सहज निघाले असते. पावसाळ्यापर्यंत काही ना काही झालं असतं. मी त्या गॅलरीत रोज उभी राहायची आणि मला तो प्लॉट म्हणजे फक्त डासांची जागा वाटायचा. मेंढपाळाची पोर असून मला गवत दिसलं नाही.

बापूंनी तो प्लॉट पाहिला नसेल असं मी म्हणू शकत नाही. मेंढपाळ नव्या गावात आधी गवत बघतो, मग माणसं. पार्किंगमधला तो दगड त्या मोडक्या कुंपणासमोरच होता. महिनाभर ते तिथं बसले. मी सांगेन म्हणून पहिली सकाळ त्यांनी वाट पाहिली असेल. आणि नंतर मला म्हणाले, जागाच नव्हती.

आता त्या प्लॉटवर चार मजली इमारत आहे. शहराचं नावही आता छत्रपती संभाजीनगर झालं. पोर नोकरीला हैदराबादला गेली. परवा आमच्या गच्चीवर बायकांनी सुपरमूनचा कार्यक्रम ठेवला होता. एका नव्या शेजारणीनं मोबाइलवर वाचून सांगितलं, हा चंद्र अंतर्मुख होण्यासाठी असतो, एका चिठ्ठीवर आपल्याला काय सोडायचंय ते लिहायचं, दुसऱ्या चिठ्ठीवर काय हवंय ते, आणि पहिली जाळून टाकायची. कुणी राग लिहिला, कुणी सासूचं बोलणं लिहिलं आणि सगळ्या हसल्या. मी थट्टा करत नाही. हे खूळ आहे असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही, कारण आमचं अख्खं घर पिढ्यानपिढ्या हेच करत आलं. फक्त आमच्याकडं ते कागदावर नसायचं, समोर बसलेलं असायचं आणि त्याला कान असायचे.

चंद्र नव्या इमारतीच्या टाकीमागून उशिरा वर आला. माझी चिठ्ठी कोरी होती. शेजारीण म्हणाली, कौसल्याताई, लिहा ना, मन हलकं होतं. जोशी काकू, आता त्या काठी घेऊन चालतात, माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या तिला म्हणाल्या, तिला राहू दे. मी म्हणाले, सोडायचं ते मी एकदा सोडून बसलेय. आणखी काही सोडायचं नाही. ती बिचारी गोंधळली आणि दुसरीकडं वळली.

वस्तीवरच्या माणसांनो, तुम्ही फोन केला की विचारता, शहरात करमतं का, घराची आठवण येते का. आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्हालाही कुणी ना कुणी हेच विचारत असेल. करमतं. पाणी आहे, दवाखाना आहे, हाताला काम आहे. वस्तीवरचं आमचं छप्पर पडलं, तिथं जाऊन मला काही सापडत नाही. फॉर्मवर पत्ता लिहायची वेळ आली की मी पुंडलिकनगर लिहिते आणि ते खोटं नाही.

पण बापूंना घर कधी भिंतींचं ठाऊकच नव्हतं. रोज नव्या शेतात, दिवस मावळताना जे जे आपलं ते एका ठिकाणी येऊन बसलं, की ते घर. आईनंही तेच घर राखलं आणि मी त्याच घरात वाढले. तसं घर मी शहरात आणलं नाही. ते एकदाच आलं होतं. म्हाताऱ्या माणसानं तीन रात्री चालवत, वाटेत एकालाही बसू न देता ते माझ्या फाटकाशी आणून उभं केलं, आणि मी म्हणाले, इथं हे चालत नाही.